चिमट्याचा मान

आमच्या गावात नगराध्यक्ष कोण, असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. पण शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर मदतनिधीसाठी सॉसेज भाजून विकताना चिमटा कुणाच्या हातात असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या. अकरा वर्षं झाली. पैसे समुद्रावरच्या जीवरक्षक क्लबाला आणि मान मला, अशी ती वाटणी आहे.

मान फुकट मिळत नाही. रांगेतल्या माणसाचं नुसतं तोंड बघून मी ओळखतो: याला कांदा, हिला नुसता सॉस, त्याला दोन. विचारायची गरजच पडत नाही. रांग सुसाट सरकते.

त्या शनिवारी क्लबची अध्यक्ष नोएलीन तव्यापाशी आली. "क्लाइव्ह, तक्रार आहे. मागच्या वेळी डॉक्टर लिउंगना तू विचारलंस, मूळच्या कुठल्या?"

"मग? त्यांनी सरळ उत्तर दिलं. म्हणाल्या, पार्किंगमधली."

"वर चॉपस्टिक नाहीत म्हणून माफी मागितलीस."

"त्याला सौजन्य म्हणतात."

"आज आणखी एक सौजन्य झालं, की चिमटा बॅरीकडे."

क्लबातला बॅरी भाजताना सॉसेजला काटा टोचतो. सगळा रस तव्यात. अशा माणसाच्या हाती मी साधा चमचा देणार नाही. तेव्हा ठरवलं, आज सगळ्यांशी सारखंच वागायचं.

दहाच्या सुमाराला डार्सी प्लंबर आला. आखूड चड्डी, जाड बूट, उन्हाने लाल झालेली मान. दोन सॉसेज, भरपूर कांदा. त्याने तोंड उघडायच्या आत हातात. त्याच्यामागे एक पगडीवाले गृहस्थ होते. अनोळखी. मी सावध झालो.

"सर," मी सावकाश आणि जरा मोठ्याने म्हणालो, "हे गाईचं. ते डुकराचं. पलीकडे भाज्यांचं, वेगळ्या तव्यावर. आपल्या धर्मात जे बसत असेल ते मोकळेपणाने सांगा. इथे सगळ्यांचं स्वागत आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. बोली माझ्यापेक्षा गावठी. "मी इथेच जन्मलो ना, त्यामुळे कुणी स्वागत करायचं राहूनच गेलं होतं."

नोएलीनने कान टवकारले.

"आणि ह्यांना नाही विचारलंत, धर्मात काय बसतं ते?" त्यांनी डार्सीकडे बोट दाखवलं.

"डार्सीला? त्याला काय विचारायचं, तो आपल्यात..."

मी घाईघाईने एक सॉसेज उलटलं.

डार्सी वळला. "विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, क्लाइव्ह. मी मांस सोडून दोन वर्षं झाली. तुझं सॉसेज माझा कुत्रा खातो."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू विचारलंस कधी?"

नोएलीनने हात पुढे केला. मी शेवटची धडपड म्हणून चिमटा थेट पगडीवाल्यांपुढे धरला. "आता तुम्हीच सांभाळा, सर. खरा मान तुमचा."

"माझा कशापायी? मी खायला आलोय. भूक लागलीय."

चिमटा बॅरीकडे गेला. मला सॉसेज ठेवायच्या पावापाशी उभं करून नोएलीनने नवं काम नेमून दिलं: येईल त्याला एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं.

"काय देऊ?" मी पगडीवाल्यांना विचारलं.

त्यांनी तव्याकडे पाहिलं. कांद्याकडे पाहिलं. सॉसच्या तिन्ही बाटल्या वाचून काढल्या. माझा अंदाज जिभेच्या टोकावर आला होता; मी दात आवळून धरला. मागे रांग दुकानाच्या ट्रॉल्यांपर्यंत पोचली.

"थांबा हो," ते म्हणाले, "अजून ठरलं नाही माझं."