थांबायची जागा

रेवा कॉम्ब्सला आपल्या कवितेत कुठे थांबायचं ते पक्कं ठाऊक होतं. 'डेलच्या ओठांना मक्याच्या पावाचा चुरा' म्हणायचं, मान वर करायची, दोन श्वास गप्प राहायचं. मग खुर्च्यांमधून हलकासा 'हंऽऽ' उमटायचा. शिकागोत उमटला होता, बॉस्टनला उमटला होता. आज केंटकीतल्या तिच्या गावच्या वाचनालयातही उमटला.

फक्त आज पहिल्या रांगेत तिची आई, व्हर्ना, बसली होती. लेकीचं कवितावाचन ती पहिल्यांदाच ऐकत होती. डेल तिचा धाकटा मुलगा, रेवाचा भाऊ. नशेच्या गोळ्यांच्या नादाने गेला, आणि त्या सकाळी त्याला सगळ्यात आधी पाहिलं ते तिनेच.

मध्यंतरात व्हर्नाने लेकीला कॉफीचा कागदी पेला दिला.

"चुरा कुठला गं, पोरी?"

"अगं, कवितेत थोडं असं..."

"ओकारी होती ती. मी पुसली. तू दारात उभी होतीस."

"लोकांना ऐकवलं नसतं, आई."

"आणि ते थांबून बघणं? माझ्या मुलावर दाद मिळवतेस?"

रेवाने कॉफीचा पेला तसाच टेबलावर ठेवला. गावोगावचे ते हुंकार तिने मनातल्या मनात किती चवीने चाखले होते! आता सगळे घशाशी आले.

तेवढ्यात ग्रंथपाल टॅकेट हसत आले. "रेवा, उशिरा आलेल्यांसाठी डेलची कविता परत होऊन जाऊ दे. फार गोड आहे!"

"गोड," व्हर्ना म्हणाली. "ऐकलंस?"

"आता खरं तेच वाचते, आई. न थांबता."

"बघू."

रेवा उभी राहिली. ती ओळ आली. चुऱ्याच्या जागी तिने 'ओकारी' म्हटलं, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि तिची मान आपोआप वर झाली. एक श्वास. दोन.

'हंऽऽ!' मघापेक्षा मोठा. मागच्या एका बाईने तर छातीवर हात ठेवला.

पहिल्या रांगेत व्हर्ना कोटाची बटणं लावू लागली.

रेवाला स्वतःचीच शिसारी आली. पुढच्या दोन ओळी तिला वाचवेनात. तिने कागद मिटला.

लोकांना वाटलं, कविता तिथेच संपते. टाळ्या थांबेचनात.