पाय काढला त्या वळणावर

आमच्या ह्यांना, म्हंजे तात्यासाहेबांना, सत्तरी उलटली तरी एकच खोड हाय. आताच्या पोरांना जुनी रेसची गाडी चालवता येत न्हाई, हे त्यांचं पालुपद. सांगलीहून साताऱ्याला येईपर्यंत गाडीत तेच. "टोपी घालून फोटो काढला की झाला ड्रायव्हर." मी खिडकीबाहेर बघत दात खात बसले होते.

आमच्या घरची रेसची गाडी त्यांनीच तरुणपणी बांधली, सांगलीतल्या एका वर्कशॉपात. फियाटचं इंजिन पाठीमागं बसवलेलं, आत एकच माणूस मावतो. ती घेऊन हे पार दक्षिणेत विमानाच्या धावपट्ट्यांवर शर्यती खेळायचे. बक्षिसंही आणली, खोटं कशाला बोलू? मग हळदीचा व्यापार वाढला आणि गाडी गोडाऊनात पोत्यांमागं गेली. आमच्या लेकीनं, श्रद्धानं, ती बाहेर काढून नट न् नट खोलून परत उभी केली. तवा मुंबईचा एक जुन्या गाड्या जमवणारा मागं लागला. त्याला ती काचेमागं ठेवायची होती.

श्रद्धाला चालवायची होती आणि ह्यांना विकायची. "तिच्या हातात बिघडण्यापेक्षा काचेत बरी," म्हणायचे. तीन महिने बापलेकीत विस्तव जात नव्हता. शेवटी ठरलं, साताऱ्याजवळच्या घाटात जुन्या गाड्यांची शर्यत हाय, तिथं श्रद्धानं चालवायची. चांगली चालवली तर गाडी तिची, न्हाई तर मुंबईला.

"पण घड्याळ बघणार न्हाई मी," हे म्हणाले. "टायर नवे, रस्ता नवा. आता कुणीबी जोरात जातंय. मी कानानं ठरवणार."

म्हणून आमी घाटात एका वळणाच्या वर खुर्च्या टाकून बसलो. सकाळचा पाऊस उघडला होता, रस्ता ओलाच. हे डोळे मिटून. एक गाडी गेली की शेरा मारायचे. "हा गाडीची किंमत आठवत चालवतोय." दुसरी गेली. "ह्याला गिअर सापडंना." एकाला मात्र म्हणाले, "ह्याला कळतंय," तेबी नाइलाजानं. माझा जीव टांगणीला. बसवंना, उभं राहवंना. पदराचं टोक पिळून पिळून चिंधी केली.

"जरा एका जागी बस की," हे म्हणाले.

"लेक माझी हाय," मी म्हणाले. "तुमी ऐका तुमचं."

मग श्रद्धाची गाडी खालनं निघाली. पहिलं वळण झालं, ह्यांनी मान हलवली. दुसरं झालं. आमच्या खालच्या वळणाला झाडीमुळं काय दिसत नव्हतं आणि तिथंच आवाज एकदम पडला.

ह्यांनी डोळे उघडले. "ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला. अगं, तिथं कोण पाय काढतं? सगळं वजन मागं हाय, वळणात पाय काढला की गाडी गर्रकन फिरते."

मी चपला तिथंच टाकून उतारानं पळत सुटले. तोवर आवाज परत चढला आणि गाडी माझ्यासमोरनं सरळ वर गेली. मी तिथंच चिखलात बसले.

हे सावकाश खाली आले. "घाबरली," म्हणाले. "मला वाटलंच होतं."

"आवं, पोरगी धड वर गेली, त्याचं काय न्हाई?" मी म्हणाले. वर जाईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले न्हाई.

वर श्रद्धा हेल्मेट काढून गाडीला टेकली होती. ओठ पांढरे पडलेले. वेळेत बरीच मागं पडली होती, तसं फळ्यावर लागलंच होतं.

"पाय का काढलास?" ह्यांनी विचारलं.

"खेकडा होता, तात्या. मधोमध. नांग्या वर करून उभा."

"खेकड्यापायी गाडी घालवलीस व्हय गं?" मी म्हणाले आणि जीभ चावली. मुंगी बघून पाऊल टाक, हे लहानपणी तिला मीच शिकवलेलं. आता बोलायचं कुणाला?

हे मात्र हसले न्हाईत, रागावले न्हाईत. "पाय काढलास आणि गाडी फिरली न्हाई?"

"फिरली की. मागची चाकं गटाराकडं सुटली. उलटं स्टिअरिंग दिलं आणि परत हळूच पाय दिला. दणकन दिला असता तर दरीत गेले असते."

"हळूच," हे म्हणाले. मग तिला हातानं करून दाखवायला लावलं, कुठं सोडलं, कुठं धरलं. एकदा बघितलं, परत दाखव म्हणाले. मग कठड्यावर बसले.

"मी खेकड्यावरनं गेलो असतो," ते म्हणाले.

मी बघतच राहिले. मंदिरात जाताना किडामुंगी बघून चालणारा हा माणूस.

"आमी पाय कवा काढलाच न्हाई. लोक म्हणायचे, काय धाडस गड्याचं. धाडस कसलं? एकदा सुटली की गाडी आवरायला येतच नव्हती, म्हणून दाबून धरायचो." त्यांनी नाक पुसलं. "मुंबईला न्हाई जायची. तुझी हाय ती."

श्रद्धा त्यांच्याशेजारी बसली. "तात्या, उतरताना तुमी चालवा. घाट मोकळाच हाय."

ह्यांनी गाडीकडं लय वेळ बघितलं.

"नको गं," म्हणाले. "मला भ्या वाटतंय."