मी ज्याला अडवलं, तो सुतार

न्यायाधीश साहेब, तुम्ही माणूस बघून जामीन देता. हे मी तोंडावर सांगतोय.

मित्रांनो, मी न्यायालयातला जुना सागवानी कठडा. आरोपी माझ्यामागे उभा राहतो. नवा होतो तेव्हा वकीलमंडळी कौतुकाने माझ्यावर हात फिरवायची. आता चहाचे कप आपटतात.

एका नव्या इमारतीचा सज्जा कोसळला, मजूर दगावला. दोघांना धरलं. एक इमारतीचा मालक, दुसरा ओल्या सज्ज्याखाली लाकडी टेकू लावणारा सुतार. जामिनाच्या वेळी गुन्हा कुणाचा हे ठरत नाही, मित्रांनो. सुटलेला माणूस तारखेला परत येईल ना, साक्षीदारांना दमदाटी करणार नाही ना, एवढंच बघायचं असतं.

मालकाचा वकील म्हणाला, "बंगला इथे, धंदा इथे. माणूस जाईल कुठे?" मालक सुटला.

सुताराची भाड्याची खोली, कामामागे गावोगाव भटकंती. "हा पळून जाईल," सरकारी वकील जांभई आवरत म्हणाले. झालं, जामीन फेटाळला. अहो, निरोप मिळताच तो आपल्या पायांनी चौकीत आला होता! मागच्या बाकावर त्याची दिवस भरलेली बायको बसली होती.

त्याने मात्र मला चाचपलं. शेजारच्या हवालदाराला हळूच म्हणाला, "मामा, याची सांध्यातली चूळ ढिली झालीय. पाचर मारायला हवी."

"तुला मारलीय ती निघते का बघ आधी," हवालदार पुटपुटला.

पुढे मालक बंगल्याला कुलूप ठोकून परदेशी पसार झाला. सुताराने पुन्हा अर्ज केला. आता बायकोच्या मांडीवर तान्ही लेक होती. साहेब, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "एक आरोपी पळालाच आहे. दुसऱ्याचा काय भरवसा?"

मला किळस आली. लाकडाला ओकता येत नाही, एवढंच.

बायको पुढे आली. "अहो, हात तरी लावा हिला."

त्याने माझ्यावरून हात लांबवला. पोचला नाही. हवालदार दुसरीकडे बघत म्हणाला, "चल बाबा, गाडी उभी आहे."

जाता जाता त्याने मुठीने ठोकून माझी चूळ बसवली. इतक्या वर्षांत माझी काळजी घेणारा तोच एक.

मित्रांनो, मला पॉलिश नको. माझ्यामागे उभ्या माणसाची कदर करा.

आणि साहेब, पळाला मालक, मग कोंडला सुतार का? समोर लाकूड आहे म्हणून गप्प बसू नका. उत्तर द्या.