जावयाचं लिव्हर आणि माझी तपकिरी बाटली

जावई कीटकनाशक फवारणारा आणि सासरा मधपाळ, अशी सोयरीक देव शुद्धीवर असताना जुळवत नाही. माझ्या लेकीने ती परस्पर जुळवली. पंधरा वर्षं जावईबापू पाठीवर पंप घेऊन बागा फवारत होते आणि इकडे माझ्या माश्या पटापट मरत होत्या. मास्क लावा म्हटलं की म्हणायचे, "मामा, मास्क लावून विडी कशी ओढू?"

मग एक दिवस त्यांचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "लिव्हरचे आकडे पाचपट झालेत. फवारणी बंद. सहा आठवड्यांत उतरले नाहीत तर भरती व्हायचं."

"ऐन हंगामात? अर्धीच बाग फवारीन," जावई म्हणाले.

लेक माझ्याकडे आली, हातात झाडू. "बाबा, मधातलं सगळं कळतं ना तुम्हाला? मग यांना वाचवा! यांना काही झालं तर तुमच्या पेट्या आणि तुम्ही..." पुढचं ती बोलली नाही, झाडू बोलला.

उपाय ठरला. सकाळी चमचाभर मध, चिमूटभर पराग आणि राळेचे दहा थेंब. राळ म्हणजे माश्या पेटीच्या फटी बुजवायला आणतात तो चिकट डिंक. मी तो स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घ्या, पण तपासणी चुकवू नका."

आता माझ्या फळीवर तपकिरी बाटल्या दोन. एकीत राळ. दुसरीत राण्या. म्हातारी झालेली राणीमाशी मधपाळ फेकत नाही, स्पिरिटमध्ये टाकतो. त्या वासाने रानातले थवे रिकाम्या पेटीत येऊन बसतात. सत्तावीस राण्या होत्या त्या बाटलीत. आणि माझा चष्मा होता कपाळावर.

चौथ्या दिवशी जावयांना घाम फुटला आणि आभाळ गुणगुणलं. आधी टोपीवर माश्या बसल्या, मग खांद्यांवर, आणि दुपारपर्यंत जावईबापूंच्या अंगात माश्यांचा लांब कोट!

"मामा! तुमच्या पोरी आवरा!"

"हलू नका. मुजऱ्याला आल्यात त्या. राणीला कोण डंख मारतं?"

"मी राणी?"

खोटं वाटेल, पण जावई शिंकले तेव्हा चाळीस हजार माश्या दचकून उडाल्या आणि त्यांनाही वीतभर वर घेऊन गेल्या. चपला खालीच राहिल्या. लेक म्हणाली, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा हे वेळेवर उठले."

तशाही अवस्थेत ते पंप भरायला गेले. कीटकनाशकाच्या डब्याचं झाकण फिरवलं, नुसता वास सुटला, आणि त्यांच्या मिशीवरच्या माश्या टपाटप खाली पडल्या. जावई वाकून बघत राहिले. एकीचे पाय अजून हलत होते.

"नुसत्या वासानं, मामा?"

त्यांनी झाकण घट्ट लावलं, डबा न्यायला दुकानदाराला बोलावलं आणि पंपाला पुन्हा हात लावला नाही.

सहा आठवड्यांनी दवाखान्यात गेलो. कोट दारात मावेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खिडकीच्या फटीतून बाहेर सरकवला. आकडे सरळ झाले होते! लेक रडली, हसली, आणि तिने नवऱ्याला मिठी मारायला जाऊन वेळेवर हात आवरले.

"काय दिलंत हो?" डॉक्टरीणबाईंनी आतून विचारलं.

"माझी राळ!" मी छाती फुगवली.

"बाबा, राळेची बाटली काठोकाठ भरलेली आहे. सकाळीच बघितली मी."

आता आली पंचाईत. "मग... सत्तावीस म्हाताऱ्या दिल्या," मी म्हणालो आणि लेकीपासून चार पावलं मागे सरकलो. जावयांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हिरवा. पिवळा मात्र झाला नाही.

डॉक्टरीणबाई काचेला कपाळ टेकून हसत होत्या. "थेंबांचं थेंबांना ठाऊक. विष थांबलं, लिव्हरला उसंत मिळाली, मला एवढंच कळतं."

तेवढ्यात बागवाल्याचा फोन आला. "फवारणीला कधी येताय?"

"फवारणी सोडली," जावई म्हणाले. "पण झाडं फुलावर आहेत ना? नुसता मधून फिरून जातो. फळ असं धरेल की फांद्या मोडतील."

"बरं, या. किती जण येणार?"

जावयांनी माझ्याकडे बघितलं. "चाळीस हजार," ते म्हणाले, "आणि एक सासरे."