पाच लिटरची माहेरची बरणी

पुण्याच्या एका प्रदर्शनात माझ्या नवऱ्याला, अमृतला, कुणीतरी सांगितलं की चिनी मातीच्या बरणीचं वय तिच्या बुडाखालच्या शिक्क्यावरून कळतं. झालं! तेव्हापासून आमच्या अख्ख्या अवसरी गावात ज्याच्या घरी जाईल त्याची बरणी हा उलटी करायचा. लोक हसायचे आणि मी कपाळाला हात लावायची.

घरची बरणी मात्र त्याच्या तावडीत सापडली नव्हती, कारण ती कायम लोणच्यानं भरलेली. ती सासूबाईंची, बयाबाईंची. ‘माझ्या आईच्या लग्नातली. ती गेल्यावर भावानं माझ्यासाठी जपून ठेवली,’ असं त्या सांगायच्या. माहेराहून, पिंपरी पेंढारहून, त्यांना दुसरं काही कधी आलंच नाही. त्यांची नणंद चिमाबाई त्यांना उभा जन्म माहेरावरून टोचत आली, आणि दर वेळी सासूबाई या बरणीकडे बोट दाखवून तिचं तोंड बंद करायच्या.

२००३ च्या भाऊबीजेला चिमाबाई सासऱ्यांना ओवाळायला आल्या. मी माहेरची भेट म्हणून नवी साडी नेसले होते. लोणचं यंदा लवकर संपलं होतं, आणि धुतलेली बरणी ओट्यावर पालथी होती.

“आजीच्या लग्नातली म्हणजे इंग्रजांच्या काळातली! थांबा आत्या, दाखवतोच,” म्हणत अमृतनं बुडाला चिंच घासायला घेतली.

“ऱ्हाऊ दे रं ती,” सासूबाई म्हणाल्या. त्यानं ऐकलं नाही.

आधी शिक्क्यातला सिंह दिसला, मग त्याच्याखालची अक्षरं. अमृतचं तोंड उतरलं. तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? पण याला काही कळलं की ते ओकल्याशिवाय चैन पडत नाही.

“पाच लिटर,” त्यानं वाचलं. “आई, लिटर तर शेर-मापटं गेल्यावर आलं. आजी त्याच्या कितीतरी आधी वारली. मग ही तिची कशी?”

“कशी म्हंजी? इकत आणली, आन कशी!” चिमाबाई खदाखदा हसल्या. “वैनी, लई वर्सं फशिवलं गं आमाला!”

सासूबाईंनी मुलाच्या हातातून बरणी काढून घेतली. “व्हय, मंचरच्या बाजारात घेतली, बटाटं काढायच्या मजुरीतनं. भाऊ रिकामी लावून द्यायचा. या दारात मोकळ्या हातानं यायचं बळ नव्हतं मला.”

सासरे चिवडा खात राहिले. बायकोच्या मजुरीचं काय झालं, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नसणार. अमृत म्हणाला, “मला काय माहीत?” ती बरणी त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली मला.

मी सासूबाईंच्या मागोमाग आत गेले. त्या बरणी पुसत होत्या. त्यांनीच माझा पदर दोन बोटांत धरून पाहिला.

“नारायणगावच्या दुकानातनं तूच आणली ना?” त्या हळूच म्हणाल्या. “मागल्या दिवाळीचीबी तितलीच व्हती.”

मी पदर झटकन मागे ओढला.

“भिऊ नगं,” त्या म्हणाल्या. “साडीला बूड नसतं.”