उकळून न मरणारं अमृत

सोलापुरात मे महिन्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही. पण त्या रविवारी सकाळी मंडपात पाचशे माणसं घाम पुसत बसली होती. स्टेजवर दोन बर्नरची गॅसची शेगडी, दोन काचेची भांडी आणि भगव्या कफनीतले हिंदुराव महाराज.

"हे साधं अंडं!" महाराजांनी अंड्याचा पांढरा भाग पहिल्या भांड्यातल्या पाण्यात सोडला. पुढच्या रांगेतल्या शाकाहारी मंडळींनी विज्ञानासाठी तेवढ्यापुरते डोळे मिटले. पाणी तापलं आणि त्यात पांढऱ्या चिंध्या झाल्या. "मेलं! आता हे आमचं अमृत-प्रथिन." दुसऱ्या भांड्यात बाटलीतला दाटसर, नितळ द्रव उकळू लागला. एक मिनिट, दोन मिनिटं. नितळच राहिला. महाराजांनी झटकन गॅस बंद केला.

"जे उकळून मरत न्हाई, ते पिणारा कसा मरंल? तुमची ती इन्सुलिनची सुई! उन्हात ठिवली की नासते. जे सोताच टिकत न्हाई, ते तुमाला काय टिकवनार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं खांबाला टेकून उभ्या असलेल्या धम्मप्रियानं मान खाली घातली. कारण स्टेजवरच्या फलकावर महाराजांच्या शेजारी तिचाच फोटो होता.

फोटो खोटा नव्हता. धम्मप्रिया पुण्याच्या प्रयोगशाळेत नवी प्रथिनं रचायची. निसर्गात कुठंही नसलेली, संगणकावर आखून मग बनवलेली, उकळलं तरी न बिघडणारी. जानेवारीत इथल्या तिच्या जुन्या शाळेनं तिचा सत्कार केला, तेव्हा तिनं हाच प्रयोग करून दाखवला होता आणि म्हणाली होती, "आमचं प्रथिन मरत नाही!" पेपरात तेच छापून आलं. खरं तर पुढचं एक वाक्य तिच्या कागदावर होतं. पण टाळ्या सुरू झाल्या, त्या गोड लागल्या, आणि तिनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

काल ती घरी आली, तर आत्याचे ओठ कोरडे पडलेले, पायाचं एक बोट काळं झालेलं. मीनाबाई आत्या म्हणजे तिची आईच. टॉवेलच्या कारखान्यात राबून तिनं भाचीला शिकवलं होतं. साखर मोजायच्या यंत्रात आकडाच येईना, यंत्राच्या मापापलीकडं गेलेली. तीन आठवडे इन्सुलिन बंद होतं, आणि उशाला अमृत-प्रथिनाची बाटली होती.

"आत्या, तू बाबा-बुवांच्या नादाला कधीपासून लागलीस?"

"बाबा-बुवा म्या जन्मात मानलं न्हाय, पिरिया. पर हे सायन्स हाय की. तुझाच फोटो लावलाय तितं."

रात्री डॉक्टरांनी ते बोट काढलं. धम्मप्रिया दवाखान्याच्या बाकावर बसून होती. बोट आपण कापलं, हेच तिच्या मनात घुमत होतं.

आता ती तरातरा स्टेजकडं गेली. महाराजांनी ओळखलं आणि हात जोडले. "साक्षात ताई आल्या! बोला, अमृत-प्रथिन की..."

"महाराज, आणखी थोडं उकळा ना."

"दोनच मिनिटं. जास्त केलं की तेज उडतं."

"मरत नाही म्हणता, मग भीती कशाची?"

मंडपात हशा पिकला. "व्हय व्हय, उकळू द्या की!" कुणीतरी ओरडलं. एका तरुणानं वर येऊन शेगडी पेटवली. महाराज नाही म्हणू शकले नाहीत, पाचशे माणसं बघत होती.

पहिल्याच रांगेत केराबाई बसली होती. माळशिरसकडची, मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विकणारी म्हातारी. धम्मप्रियानं विचारलं, "मावशी, घोंगडं अस्सल लोकरीचं का, कसं ओळखायचं?"

"त्येला काय लागतंय? दोरा जाळायचा. केस जळल्यागत घान वास आला की लोकर. न्हाईतर भेसळ."

"लोकर प्रथिन, केस प्रथिन, अंडंही प्रथिनच. तर या, वास घ्या."

मंडपामागच्या स्वयंपाकातून तिनं तवा मागवला आणि पहिल्या भांड्यातल्या पांढऱ्या चिंध्या त्यावर करपवल्या. केराबाईनं पदर नाकाला लावला. "केसंच की!" दुसऱ्या भांड्यातलं अमृत तोवर दाटलं, पिवळं झालं, मग तांबूस, आणि त्याला मोठे बुडबुडे आले. केराबाईनं पदर काढला, पुन्हा हुंगलं.

"आगं बया! ह्यो तर साखरंचा पाक करपतोय! गुडघ्यासाठी म्हनून म्या दोन म्हैने पाक प्याले व्हय रं?"

वास मंडपभर पसरला. बायकांना काही सांगावं लागलं नाही. साखरेच्या रोग्याला साखरच पाजलेली! महाराजांचा चेहरा अंड्यासारखा पांढरा झाला, पण माणूस तरबेज होता. बोट दाखवून ओरडले, "हिनंच सांगितलं, न मरनारं प्रथिन म्हनून! खोटं बोलली व्हती का ही?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. आता गप्प बसली असती तरी तिचीच जीत होती. पण ती लोकांकडं वळली.

"खोटं नव्हतं. अर्धं होतं," ती म्हणाली. "प्रथिन म्हणजे बारीक धागा, ठरावीक घडी घातलेला. उष्णतेनं घडी मोडते, म्हणून अंडं पांढरं होतं. आम्ही न मोडणारी घडी रचली. एवढंच. ती कुठलाही रोग बरा करत नाही, हे वाक्य मी टाळ्यांसाठी गिळलं. त्या गिळलेल्या वाक्यावर यांनी दुकान थाटलं, आणि माझ्या आत्याचं बोट गेलं. टिकाऊ म्हणजे औषध नव्हे. दगडही टिकतो. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हे करतं काय, आणि कशावरून? भगवी कफनी असो की माझ्यासारखी पदवी असो, दोघांनाही विचारा. आणि बंद केलेली औषधं आजच डॉक्टरांना विचारून सुरू करा."

टाळ्या वाजल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. लोक महाराजांकडं वळले. पोलीस येईपर्यंत त्यांना कुणी स्टेजवरून उतरू दिलं नाही.

संध्याकाळी नर्सनं फ्रिजमधून इन्सुलिन आणलं. मीनाबाईनं हात मागं घेतला. चादरीखाली तिचं बांधलेलं पाऊल होतं.

"थांब बाई. पिरिया, हे काय हाय, काय करतंय, आन् कशावरनं? आता तुलाबी इचारनार हाय मी."

"विचार, आत्या."

"आन् आक्खं सांग. मला टाळ्या वाजवता येत न्हाईत, हाताला सलाईन हाय."

धम्मप्रिया पलंगाच्या कडेला बसली. तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. जे तिला ठाऊक नव्हतं, तेही सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर मीनाबाईनं हात पुढं केला.