सोमवारची बाटली

निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि माझी लॅब आवरायला ताई आली होती. मी बोलावलं नव्हतं. "तुझ्याच्याने काही टाकवणार नाही, सोबत कुणीतरी निर्दयी माणूस हवं," असं फोनवर म्हणाली आणि तासाभरात बाह्या दुमडून दारात हजर.

मूत्रपिंडाच्या आजारांवर मी चौतीस वर्षं काम केलं. हृदयावर काम करणारे लोकांना थोर वाटतात, मेंदूवाले तर त्याहून. मी लघवी तपासते म्हटलं, की समोरचा हातातला चहाचा कप जरा लांब धरतो. पुढे पुढे मला त्याचं काही वाटेनासं झालं. म्हणजे वाटायचं, पण चार खोचक उत्तरं पाठ झाली होती.

माझी पहिली लॅब तळघरात होती. डावीकडे हॉस्पिटलची लॉन्ड्री, उजवीकडे आम्ही. गुडघा मारल्याशिवाय दार न लागणारा एक फ्रीज आणि एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून फक्त लोकांचे पाय दिसायचे. आम्ही म्हणजे मी आणि तंत्रज्ञ काका. काका माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, पण मला 'बाई' म्हणायचे. चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा अख्ख्या लॅबभर शोधायचे, पण नळीत थेंब सोडताना त्यांचा हात कधी हलला नाही.

धडधाकट मूत्रपिंड रक्तातलं प्रथिन अडवून धरतं, लघवीत ते अगदी नावापुरतं उतरतं. हे नावापुरतं मोजायची पद्धत आम्ही बसवत होतो. रुग्णांच्या नमुन्यांबरोबर दर खेपेला एका ठणठणीत माणसाचा नमुना लावायचा. त्याचा आकडा नेहमीसारखा आला, तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. या माणसाला आम्ही 'नॉर्मल' म्हणायचो. आमची नॉर्मल म्हणजे ताई.

तिच्याइतकं ठणठणीत दुसरं कोण होतं? शाळेत खेळाची शिक्षिका. तिची शिट्टी वाजली की गल्लीतली कुत्रीसुद्धा जागच्या जागी थांबायची. दर सोमवारी शाळेआधी ती यायची. आधी खिडकीत तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसायचे. ते दिसले की काका चहा टाकायचे. मग ताई पायऱ्या उतरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली तपकिरी बाटली टेबलावर आपटायची. "घ्या, मोजा माझं सोनं!"

मग दहा मिनिटं ती आणि काका गप्पा मारायचे. बाटलीभोवतीचा कागद सरळ करून ताई त्यातली शिळी बातमी मोठ्याने वाचायची आणि पुढे काय झालं असेल यावर दोघं हमरीतुमरीवर यायचे. मी "कामं पडलीत हो" म्हणून करवादायचे. आज वाटतं, पुढचे सगळे मानसन्मान घ्या आणि त्यातली दहा मिनिटं मला परत द्या.

चार वर्षं ताईचा आकडा आठ, नऊ, सात. मग एका सोमवारी चौदा आला. पुढे अठरा. मग बावीस.

रसायन बिघडलं असं मी धरून चालले. काकांवर डाफरले, सगळ्या बाटल्या फेकून नव्या मागवल्या. आकडा आला सव्वीस. मला शोधनिबंध पाठवायला सहा आठवडे उरले होते आणि नॉर्मलच धड नसेल तर निबंध कसला?

"बाई, रसायन ताजं आहे," काका म्हणाले. "बाकीचे आकडे जागच्या जागी आहेत. बाटलीच काहीतरी सांगत असेल."

"बाटल्या काही सांगत नसतात, काका. आपल्याला दुसरा नॉर्मल हवा."

हे आठवलं की अजून माझे कान तापतात. दुसऱ्या दिवसापासून काका स्वतःच नॉर्मल झाले. आकडा आठ आला. निबंध वेळेत गेला. ताईला मी सांगितलं, "तो अभ्यास संपला गं, आता नको येऊस." मोजपट्टी वाकडी निघाली म्हणून मी ती फेकून दिली. ती माझी बहीण आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीन वर्षांनी ताईचे पाय सुजले. बूट पायात जाईनात म्हणून तिने मला दाखवले, तेही हसत. तिचा रिपोर्ट हातात घेऊन मी वॉर्डाच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला तो सव्वीसचा आकडा आठवला.

माझं नाव ज्या कामामुळे झालं ते तिथून सुरू झालं. शेकडो धडधाकट माणसं, त्यांच्या दर महिन्याच्या बाटल्या, वर्षानुवर्षं. आकडा असा हळूच चढू लागला, तर तेव्हाच रक्तदाबाला लगाम घालायचा. रोग जात नाही, पण मूत्रपिंड किती वर्षं जास्त टिकतं, ते आम्ही मोजलं. सरासरी सहा वर्षं. कल्पना कुठून आली असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "सुचली."

ताईची मूत्रपिंडं थकली तेव्हा माझं एक तिला दिलं. सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. मी मान खाली घालून ऐकायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा.

तर, ताई आवरत होती. खालच्या खणातून तिने जुनी वही काढली, पानं चाळली आणि हसत सुटली.

"अगं, हे तुझंच अक्षर ना? 'ताई खराब. काढून टाकली.' मी खराब?"

तिच्याबरोबर हसून मला वेळ मारून नेता आली असती. तिची वर्षानुवर्षांची माया माझ्या 'अभ्यास संपला' या एका वाक्यावर उभी होती आणि ते वाक्य खोटं होतं. मी खोक्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चौदापासून सव्वीसपर्यंत.

"म्हणजे तेव्हा कळलं असतं, तर?"

"सहा वर्षं. सरासरी."

"सरासरी," ती म्हणाली. बाह्या सरळ केल्या, पर्स उचलली आणि गेली. खोक्याला लावलेली चिकटपट्टी अर्धवट लोंबत राहिली.

निरोप समारंभाला ती आली नाही. पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मी माझ्या निःस्वार्थ आयुष्याबद्दलची तीन भाषणं ऐकली. नंतरचे दिवस फोन उचलून परत ठेवण्यात गेले. काय बोलणार होते मी? तिने मला जन्मभर तोंड दाखवलं नाही, तर तिचं काय चुकलं असतं? भीती मात्र वाटत होती, फार वाटत होती.

दुसऱ्या सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात ताई, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.

"मोज."

"ताई, लॅब नाही राहिली माझ्याकडे."

"तपासायची पट्टी तर असेल? आणि हे बघ शहाणे, सहा वर्षांचं मी माफ केलंय असं समजू नकोस. त्याचं मी अजून बघतेय. आत येत नाही मी. एकच विचारायला आलेय." तिचा आवाज बारीक झाला. "येऊ नकोस म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, तुझी मोठी माणसांत ऊठबस सुरू झाली. बाटली घेऊन येणारी खेळाची बाई, तिची तुला लाज वाटायला लागली. इतकी वर्षं तेच वाटत होतं. किडनी दिलीस तरी वाटत होतं."

"नाही गं, ताई..."

"त्यानंतर तीन सोमवार मी खिडकीपाशी येऊन उभी राहिले होते. काका वर येऊन म्हणाले, बाई फार कामात आहेत. तुला माझे बूट दिसले नाहीत?"

"मी वर बघितलंच नाही," मी म्हणाले.

ती गेली नाही. मी कपाटातून पट्टी आणली, दारातल्या स्टुलावर बाटली ठेवून ती बुडवली आणि घड्याळ बघत बसले. प्रथिन असेल तर पट्टी हिरवी होते. मिनिट भरायच्या आत मी पट्टी दोनदा उचलून बघितली, काकांनी हाकलून दिलं असतं मला. मिनिट झालं. पट्टी पिवळी होती.

"काय?"

"नॉर्मल," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

"रडतेस काय? किडनी तुझीच आहे, कौतुक घरच्या घरीच राहिलं," ताई म्हणाली. मग तिने एक हात माझ्या खांद्यावर टेकवला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.